संगणकाच्या मदतीने मुलांचं शिक्षण सुधारायचं आहे. एवढी प्रेरणा पुरेशी आहे का?

लातूरच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. ती कम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. संगणकाचा उपयोग करून लहान मुलांचं शिक्षण सुधारावं असं तिच्या मनात आहे. पुढच्या शिक्षणाच्या अर्जासोबत 'या क्षेत्रात का यायचं' हे लिहायचंय आणि त्याचा मसुदा तिने मला पाठवला. घरचे म्हणतात, आधी नोकरी धर. ती विचारते, "ताई, माझी प्रेरणा पुरेशी आहे का? आणि सुरुवात कुठून करू?"

तू ताई म्हणालीस, म्हणून मीही 'तू'च म्हणते. गेली बावीस वर्षं मी प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठी सॉफ्टवेअर करतेय. त्यातली पहिली सहा वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळा हिंडण्यात गेली. आज जे काही कळतं त्यातलं बरंचसं त्या सहा वर्षांतलं आहे.

तुझा मसुदा मी तीनदा वाचला. पहिला परिच्छेद कुणाच्याही अर्जात चालेल: एकविसावं शतक, डिजिटल क्रांती, शिक्षणाचं भविष्य. मग शेवटाकडे दोन ओळी येतात. दिवाळीच्या सुट्टीत तू मामाकडे गेली होतीस. तिसरीतल्या मामेभावाला आकडे ऐकून लिहिता येत नव्हते. तू एक ते शंभर आकडे स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केलेस आणि पायथनमध्ये छोटा खेळ बनवलास. लॅपटॉप आकडा बोलतो, तो लिहितो. "चार दिवसांनी त्याला बरेच आकडे यायला लागले." आणि लगेच पुढच्या ओळीत तू कृत्रिम बुद्धिमत्तेवर गेलीस.

तुझी प्रेरणा त्या दोन ओळींत आहे आणि ती भक्कम आहे. समोर एक मूल अडलेलं दिसलं, आणि तुझ्या हातात जे होतं ते घेऊन तू चार दिवस त्याच्याजवळ बसलीस. 'शिक्षण सुधारणं' एवढ्या मोठ्या शब्दावर कुणाला वर्षानुवर्षं काम करता येत नाही. मामेभावाला एकोणसाठ का लिहिता येत नाही, यावर मात्र येतं. म्हणून आधी तिथेच थांबू या.

मराठीतले आकडे लहान मुलाला खरोखर अवघड जातात. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी कानावर पडतो आणि वीस नंतर. लिहिताना मात्र २ आधी लिहायचा. कानाच्या क्रमाने लिहिणारं मूल ५२ लिहितं. 'त्र्याहत्तर'मध्ये सत्तर ऐकूच येत नाही, हत्तर ऐकू येतं, आणि हत्तर नावाचा आकडा त्याला कुणी शिकवलेला नसतो. सगळ्यात मोठी अडचण एकोणची. 'एकोणसाठ' ऐकून ६९ लिहिणारी कितीतरी मुलं मी पाहिलीत. ही चूक जरा जवळून बघ. साठ ऐकू आलं म्हणून त्याने ६ लिहिला. एकोणवाल्या आकड्यांच्या शेवटी ९ येतो हे त्याला ठाऊक आहे, म्हणून ९ लिहिला. म्हणजे अर्धा नियम त्याने न शिकवता शोधून काढलाय. एकोण म्हणजे पुढच्या दशकातून एक कमी, एवढंच त्याच्यापर्यंत पोचलेलं नाही. आणि ते पोचलं, एकोणनव्वद जमलं, की पुढे नव्व्याण्णव येतो. तिथे 'एकोणशंभर' का नाही, हे त्याला कोण सांगणार?

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात पंचवीससोबत 'वीस पाच' असंही वाचन आलं, आणि वाद थेट विधानसभेपर्यंत गेला. भाषेवर प्रेम असणाऱ्या माणसांना वाईट वाटलं, ते मी समजू शकते. पण अडचण खरी होती, आणि ती दुसरीच्या वर्गात बसलेल्या मुलांची होती.

आता यात संगणकाचं काम काय ते सांगते. चाळीस मुलांच्या वर्गात बाईंना प्रत्येक पाटीवरचा आकडा पाहून 'हा क्रम उलटवतो, ही एकोणला अडते' असं लक्षात ठेवणं शक्य नसतं. त्यांना पाट्यांवर फक्त बरोबर आणि चूक दिसतं. तुझ्या खेळाला मात्र ५२ आणि ६९ वेगवेगळे दिसू शकतात. ५२ लिहिणाऱ्या मुलाला दशकांच्या जुड्या आणि सुट्या काड्या दाखवायला हव्यात. ६९ लिहिणाऱ्याला साठवर उभं करून एक पाऊल मागे यायला सांगायला हवं. दोघांनाही 'चूक, पुन्हा प्रयत्न कर' असं म्हणणारा प्रोग्राम दोघांनाही काही शिकवत नाही. बाजारातलं बहुतेक शैक्षणिक सॉफ्टवेअर आजही तेवढंच म्हणतं, फक्त रंग छान असतात.

माझी एक चूक सांगते, कारण ती तुझ्या वाट्याला येऊ नये असं मनापासून वाटतं. २००५च्या सुमारास आम्ही वाचनाचा एक खेळ केला होता. सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत एकुलता एक संगणक होता, त्यावर तो बसवला. महिन्याने नोंदी काढल्या, तर मुलं भराभर पुढे गेलेली. आम्ही खुशीत अहवाल लिहायला घेतला. त्या आठवड्यात मी शाळेत गेले आणि मुलांच्या मागे, जमिनीवर बसून राहिले. संगणकासमोर पाच मुलं होती. माउस एकाच मुलाच्या हातात. तो चौथीतला, अंगाने मोठा. बाकीचे बघत होते. मागे दोन मुली भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यातली एक उत्तर आधी पुटपुटायची, मग तो मुलगा क्लिक करायचा. आमच्या नोंदीत वर्ग वाचायला शिकला होता. प्रत्यक्षात एक मुलगा क्लिक करायला शिकला होता, आणि ज्या मुलीला वाचता येत होतं तिचं नाव आमच्या नोंदीत कुठेच नव्हतं.

पुढे कळलं की हेच दृश्य बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या लोकांनीही गावोगावच्या शाळांत पाहिलं होतं. त्यांनी एकाच संगणकाला अनेक माउस जोडले. पडद्यावर प्रत्येक मुलाचा वेगळ्या रंगाचा बाण. खर्च फक्त जास्तीच्या माउसचा. ती कल्पना मला आजही फार मोलाची वाटते, कारण ती मुलांच्या मागे बसून सुचलेली आहे. त्या गटाचे प्रमुख केंटारो टोयामा यांनी पुढे एक मत ठामपणे मांडलं: तंत्रज्ञान असलेल्या क्षमतेला मोठं करतं, नसलेली क्षमता निर्माण करत नाही. शाळा चांगली चाललेली असेल तर संगणकाने ती आणखी चांगली होईल. शाळेत शिकवणंच होत नसेल, तर तिथे संगणकही धूळ खात पडेल. माझा अनुभव हेच सांगतो.

जरा मागचंही वाच. हे क्षेत्र तुला वाटतं त्यापेक्षा बरंच जुनं आहे. १९६० मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात प्लेटो नावाची प्रणाली सुरू झाली. तिथे संगणक धडा दाखवायचा, प्रश्न विचारायचा, उत्तर तपासायचा. सात वर्षांनी, १९६७ मध्ये, सीमोर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फॉयरझाइग यांनी लोगो ही मुलांची प्रोग्रामिंग भाषा केली, आणि त्यात नातं उलटं केलं. इथे मूल संगणकाला शिकवतं. पडद्यावरच्या कासवाला वर्तुळ काढायला सांगायचं, पण 'वर्तुळ' म्हटलेलं त्याला कळत नाही. मग मूल उठून स्वतः गोल चालून बघतं आणि लक्षात येतं: थोडं पुढे, थोडं वळ, पुन्हा थोडं पुढे, थोडं वळ. एकेक अंश वळत तीनशे साठ वेळा. वर्तुळ म्हणजे काय हे त्या मुलाला पायांतून कळतं. पॅपर्ट यांनी त्याआधी जिनिव्हाला बालमानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांच्याबरोबर काम केलं होतं, आणि मूल स्वतःच्या डोक्यात ज्ञान बांधतं हा विचार तिथून आला होता. २००७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीतून आलेली स्क्रॅच ही मुलांची प्रोग्रामिंग भाषा याच घराण्यातली.

पॅपर्ट यांनी स्वतःच्या प्रेरणेविषयी जे सांगितलंय ते तुझ्या कामाचं आहे. लहानपणी त्यांना गाड्यांच्या दातेरी चाकांचं विलक्षण वेड होतं. पुढे गणित शिकताना ती चाकं डोक्यात फिरायची, आणि समीकरणं ओळखीची वाटायची. अख्खी कारकीर्द त्यांनी उभी केली ती त्या चाकांवर, दातेरी चाकांनी लहान मुलाला काय दिलं या आठवणीवर. तुझ्याकडे एकोणसाठ आहे.

आता घरच्यांच्या आणि परीक्षकांच्याही मनात असणारा प्रश्न: यातून खरंच काही साधतं का? भारतात हे बऱ्यापैकी काटेकोर तपासलं गेलंय. गुजरात सरकारने २००० साली बडोद्याच्या महापालिका शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले होते. 'प्रथम' संस्थेने चौथीच्या मुलांना त्यावर आठवड्याला दोन तास गणिताचे खेळ दिले, एका संगणकावर दोन मुलं. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी परिणाम मोजला. गणित चांगलंच सुधारलं. कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात मात्र बराच फायदा ओसरला. त्या सहकाऱ्यांपैकी ली लिंडन यांनी गुजरातमध्येच आणखी एक प्रयोग केला, आणि माझ्या दृष्टीने तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. एकच सॉफ्टवेअर काही ठिकाणी शाळेच्या तासाऐवजी वापरलं, तर काही ठिकाणी शाळा सुटल्यावर जादा वेळात. जादा वेळात वापरलं तिथे मुलं पुढे गेली. तासाऐवजी वापरलं तिथे ती मागे पडली, कारण तिथले तास मुळात नीट घेतले जात होते, आणि संगणकाने तेच खाल्ले.

दिल्लीत कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी माइंडस्पार्क या सॉफ्टवेअरची अशीच पाहणी केली. ६१९ मुलं, साडेचार महिने, शाळेनंतरच्या केंद्रात. गणित आणि हिंदी दोन्हींत ठळक वाढ झाली. सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. वर्गात सहावीचं पुस्तक चालू असताना त्यांना त्यातलं काहीच धरता येत नव्हतं, आणि सॉफ्टवेअर त्यांना जिथे होती तिथून पुढे नेत होतं. एक गोष्ट लोक सांगायला विसरतात. दीड तासातला निम्मा वेळ संगणकावर जायचा आणि उरलेला निम्मा माणूस शिकवायचा.

याच्या उलट पेरू देशात बघ. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या मोहिमेत तिथे आठ लाखांहून जास्त लॅपटॉप वाटले गेले. २०१२ मध्ये अभ्यास आला, तेव्हा गणितात आणि भाषेत काही वाढ दिसली नाही. याच मोहिमेचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये आपल्या रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैरात गावच्या छोट्या शाळेत झाला होता. यंत्र मुलाच्या हातात दिलं की पुढचं आपोआप होईल ही कल्पना मनाला भुरळ घालणारी आहे. पंचविशीत माझाही तिच्यावर विश्वास होता. आता कुणी नवी योजना दाखवली की मी आधी विचारते: हे यंत्र कशाच्या जागी बसणार आहे? बाईंच्या जागी, की रिकाम्या वेळाच्या जागी?

गरज किती आहे हेही लक्षात असू दे. 'असर' या मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या पाहणीत २०२२ मध्ये ग्रामीण भारतात पाचवीतली ४२.८ टक्के मुलंच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. कोविडआधी, २०१८ मध्ये, हाच आकडा ५०.५ होता.

भाषेविषयी थोडं जास्त लिहिते, कारण इथे मराठी जाणणाऱ्या इंजिनिअरची जागा दुसरं कुणी भरून काढणार नाही. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन शब्द घे. एक गुरुजींसाठी, दुसरा स्वयंपाक करणाऱ्यांसाठी. फरक फक्त त्या अर्ध्या र चा. कितीतरी फाँट आणि कीबोर्ड हा र नीट दाखवत नव्हते. आमच्या एका गोष्टीत 'दऱ्या' हा शब्द 'दर्या' असा छापला गेला, आणि दुसरीतल्या मुलीने डोंगरात समुद्र कुठून आला असं विचारलं. तिचं वाचन अचूक होतं.

आता बोलून वाचायची ॲप्स आली आहेत. मूल मोठ्याने वाचतं, फोन ऐकतो आणि चूक दाखवतो. फार उपयोगी गोष्ट आहे, विशेषतः ज्या घरी ऐकायला कुणी नाही तिथे. पण समोरचं मूल 'पाणी' हा शब्द 'पानी' असा वाचतं, 'होतं' ला 'व्हतं' म्हणतं. त्याच्या घरात, गल्लीत, आजीच्या तोंडी तोच शब्द आहे. त्याने अक्षर ओळखलंय, अर्थ लावलाय, वाचलंय. तिथे फोनने लाल खूण केली, तर ती खूण उच्चाराला न लागता त्याच्या आईच्या बोलीला लागते. नंदुरबार, मेळघाट, गडचिरोलीच्या कितीतरी मुलांच्या घरी तर मराठीच नाही. शाळेची भाषाच त्यांना परकी. काय चूक धरायचं आणि काय सोडून द्यायचं हे कोडमधल्या एका अटीत ठरतं, आणि ती अट लिहिणाऱ्या माणसाने ती बोली ऐकलेली असावी लागते. तू लातूरची आहेस, हे तुझ्या अर्जात कुठेच नाही. ते घाल.

सुरुवात कुठून, तर शाळेतून. मुख्याध्यापकांना भेट, लेखी परवानगी घे, आणि दोन महिने दर शनिवारी सकाळच्या शाळेत जाऊन बस. पहिले चार शनिवार लॅपटॉप नेऊ नकोस. वही ने. एका वेळी एकच मूल बघ आणि त्याने नेमकं काय लिहिलं, काय म्हटलं ते जसंच्या तसं टिपून ठेव. 'असर'ची वाचनचाचणी शिकून घे: अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद, मग गोष्ट. काही मिनिटांत होते, आणि मूल नेमकं कुठे उभं आहे ते कळतं. बाईंशी मधल्या सुट्टीत बोल. त्यांना कुठल्या मुलाची काळजी वाटते ते विचार. त्या लगेच नाव सांगतील.

मग पायथनमधला खेळ फोनवर आण. तोही जुन्या, तडे गेलेल्या, जागा संपत आलेल्या अँड्रॉइड फोनवर, नेटशिवाय. घरात तो एकच फोन असतो आणि संध्याकाळी बाबा कामावरून आले की मगच मुलांना मिळतो. मुलांची नावं, आवाज, फोटो साठवू नकोस. लागलेच तर आधी पालकांना विचार. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती बंधनकारक केलीये, पण कायदा नसता तरी हे असंच करायला हवं होतं. चॅटबॉट इतक्यात जोडू नकोस. तो उत्तर फार लवकर देतो, आणि तिसरीतल्या मुलाला उत्तरापेक्षा थोडी वाट बघणारं कुणीतरी हवं असतं.

पुढच्या शिक्षणाचं म्हणशील, तर आयआयटी मुंबईत शैक्षणिक तंत्रज्ञानाचा स्वतंत्र संशोधन कार्यक्रम आहे, आणि मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. अर्ज करायच्या आधी दोन्हीकडच्या लोकांचं काम वाच, जमलं तर जाऊन भेट.

घरच्यांचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. शिक्षणासाठी कर्ज काढलंय असं तू लिहिलंयस. मग दोन-तीन वर्षं नोकरी कर आणि ते फेड. मीही आधी दोन वर्षं बँकांचं सॉफ्टवेअर केलं. दुसऱ्याला वाचता येईल असा कोड लिहायला आणि हजारो लोक वापरतात ती गोष्ट बंद न पडू द्यायला मी तिथेच शिकले, आणि शाळांच्या कामात ते रोज उपयोगी पडलं. फक्त शनिवार सोडू नकोस. नोकरी लागल्यावर या कामातून गळालेली बरीच मुलंमुली मी पाहिलीत. पैशामुळे गळालेली त्यात थोडीच. बाकीच्यांचं शाळेत जाणं थांबलं, आणि मग डोळ्यांसमोर कुठलं मूलच उरलं नाही.

अर्जाचा पहिला परिच्छेद काढून टाक. मामाच्या घरापासून सुरुवात कर. लॅपटॉप कुठे ठेवला होता, तो कुठे बसायचा, पहिल्या दिवशी किती आकडे चुकले, कुठले चुकले, चौथ्या दिवशी कुठले उरले, ते लिही. 'बरेच आकडे यायला लागले' यातलं 'बरेच' काढ आणि खरी संख्या लिही. जे आलं नाही तेही लिही. परीक्षक तिथेच थांबून वाचतील. आणि तो उरलेला भाग तुला का सोडवायचाय ते शेवटी लिही.

एक विनंती. त्या चार दिवसांची नोंद लॅपटॉपमध्ये कुठे राहिली असेल तर पुसू नकोस. नसेल, तर मे महिन्याच्या सुट्टीत पुन्हा मामाकडे जा आणि या वेळी प्रत्येक उत्तर साठव. एकोणतीस, एकोणसाठ, एकोणऐंशी आणि नव्व्याण्णव या चारांना त्याने काय लिहिलं, ते मला कळव.